आरसा, लेडीज, गोल, एक नग

आमच्या घरात लढाऊ विमानाला हात लावलेला एकच माणूस होता. ते माझे मोठे काका, आबा. हात लावलेला असं मुद्दाम म्हणते, कारण विमानात बसून ते कधी उडाले नाहीत. हवाई दलात वीस वर्षं एकाच जातीच्या लढाऊ विमानाचे पंख आणि सांगाडा तपासायचं काम त्यांनी केलं आणि निवृत्त होऊन चोपड्याजवळच्या आमच्या गावी केळी करायला परत आले. गावाने पहिल्याच दिवशी विचारलं, "आबा, कितला इमानं उडाडात?" आबांनी खरं ते सांगितलं, एकही नाही. गावाने एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. सरकारने बोलायला बंदी केलेली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं आणि तेव्हापासून आबांचा मान आणखी वाढला.

मी जळगावला इंग्रजी शाळेत शिकले. त्यामुळे सुटीत गावी गेलं की लोक मला ओट्यावर उभी करत आणि म्हणत, "काहीतरी इंग्लिश बोल ना." काहीतरी म्हणजे काय, हे मला कधीच कळलं नाही. कान लाल व्हायचे. मग एखादी बाई दया येऊन म्हणायची, "जाऊ द्या, तिले येत नही." माझी सुटका व्हायची, पण माझ्या वडिलांनी भरलेल्या फीबद्दल गावाच्या मनात शंका राहायची.

यावर मला एक लपायची जागा सापडली होती. आबांची हत्यारांची खोली. तिथे कुणी फिरकत नसे, कारण तिथे आबांचा कायदा चालायचा. भिंतीला मोठी लाकडी फळी ठोकलेली होती. तिच्यावर प्रत्येक हत्यार खिळ्याला टांगलेलं, आणि हत्याराच्या मागे त्याच्याच आकाराची काळ्या रंगात काढलेली सावली. पाना काढला की फळीवर पान्याची सावली उघडी पडे. हवाई दलात अशीच पद्धत असते, आबा सांगत. काम संपल्यावर फळीवर एक जरी सावली उघडी दिसली तरी झाकणं लावून विमान बंद करायचं नाही. कारण तो पाना विमानाच्या पोटात राहिलेला असू शकतो, आणि आकाशात गेल्यावर तो कुठे जाऊन अडकेल ते देवालाही ठाऊक नाही.

हा कायदा आबांनी स्वयंपाकघरातही लावला होता. झारा, पळी, सांडशी, उलथनं, सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर होत्या. अक्का म्हणजे माझी काकू. तिने या गोष्टीला कधी विरोध केला नाही. ती फक्त पळीच्या जागी झारा टांगायची आणि आबा जेवायला बसले की त्यांच्याकडे बघायची.

दुसरा कायदा सह्यांचा. एक जाड रजिस्टर होतं. पंपाचा वॉशर बदलला, सायकलची साखळी बसवली, काहीही केलं तरी त्यात दोन सह्या लागत. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. करणाऱ्याने स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, हा नियम. गावात दुसरी सही करायला कुणी तयार नव्हतं, कारण आबा खरोखर खाली वाकून बघायला लावत. मी लपायला आले होते, तर मला पेन मिळालं. बोलायचं नव्हतं, फक्त बघायचं आणि सही करायची होती. मला वाटलं, जगात माझ्यासाठीच कुणीतरी काढलेलं हे काम आहे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. नव्वदीचं दशक निम्मं झालेलं. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सुटी होती, गावातल्या पोरी निंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या आणि मी हत्यारांच्या खोलीत बसून पान्यांना तेल लावत होते. सकाळच्या एस.टी.ने वर्तमानपत्र आलं. आबांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग मला वाचायला दिलं. बातमी अशी होती की हवाई दलाची जुनी लढाऊ विमानं एवढ्यात मोडीत निघणार नाहीत. त्यांचं आधुनिकीकरण होणार. नवं रडार, नवी यंत्रं, नवी क्षेपणास्त्रं. सांगाडा मात्र जुनाच राहणार. आणि विमानं आबांनी वीस वर्षं तपासलेल्या जातीचीच होती.

"म्हणजे चांगलंच ना?" मी विचारलं.

आबा उठले. ते ओट्यावर जाऊन बसले. शेजारचे नाना आधीच तिथे होते. नानांची केळीची बाग आमच्या बागेला लागून, आणि त्यांची जीप कायम आमच्या दारात उभी, कारण त्यांच्या दारापर्यंत ती क्वचितच पोहोचायची.

"आबा, जुनं इमान शे ना, मंग नवं कसाले नही लेतस?" नानांनी विचारलं.

"नवं घ्यायला वेळ लागतो नाना. तोपर्यंत जुन्यालाच नवं करायचं."

"मी बी करेल शे तसं," नाना जीपकडे हात करून म्हणाले. "नवा भोंगा बसाडा. टेप बसाडा. सीटले मखमल लाई. आणि सातपुडाना घाटमा काय मोडनं? पाटा! खालना स्प्रिंगना पाटा! भोंगा वाजी राहिंता, टेप वाजी राहिंता, आणि जीप बठेल."

ओट्यावरची माणसं हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी नानांकडे असं पाहिलं की जणू नानांनी हवाई दलाच्या सगळ्या अधिकाऱ्यांना एका वाक्यात गप्प केलं होतं.

"हेच," ते म्हणाले. "हेच त्यांना कळवायला पाहिजे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्यांची नेमणूक लांब वाळवंटातल्या एका तळावर होती तेव्हाचं. विमानाच्या डाव्या पंखाच्या मुळाशी एक छोटं झाकण आहे. झाकण काढलं की आत हात कसाबसा जातो, डोळा जात नाही. हवाई दलाने दिलेला तपासणीचा आरसा तिथल्या वळणावर अडकतो. त्यामुळे तिथे कुणी बघतच नसे. यादीत 'पाहिले' अशी खूण करून पुढे जात. आबांना चैन पडेना. एकदा ते दुपारी जेवायला क्वार्टरवर आले, अक्काच्या कुंकवाच्या डबीच्या झाकणातला वाटोळा आरसा उचकटला, अक्काच्या केसांच्या आकड्याला दोऱ्याने बांधला आणि तो खिशात घालून हँगरमध्ये गेले. आरसा आत गेला. आणि त्या आरशात त्यांना केसाएवढी बारीक चीर दिसली.

"मग?"

"मग विमान थांबवलं. साहेबांनी पाठ थोपटली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी शिक्षाही दिली."

"शिक्षा कशाची?"

"यादीत नसलेलं हत्यार विमानाजवळ नेल्याची. त्या आरशाला नंबर नव्हता. फळीवर त्याची सावली नव्हती. त्यांचं बरोबरच होतं." हे आबा अगदी मनापासून म्हणाले. "आरसा जप्त झाला. चीर सापडली हे कागदावर आलं. कशाने सापडली, ते कुणी लिहिलं नाही."

आता प्रश्न असा होता, की ही विमानं एकेक करून उघडणार, त्यात महागडी यंत्रं बसवणार आणि पुन्हा बंद करणार. पुढची कितीतरी वर्षं ती उडणार, त्यांत पोरं बसणार. त्या झाकणाआड बघायची हीच वेळ होती. विमान एकदा बंद झालं की झालं.

"पत्र लिहू," आबा मला म्हणाले. "तू लिही."

आबांना इंग्रजी येत होतं. पण त्यांचं इंग्रजी हँगरमधलं होतं, त्यात व्याकरणाला फारशी जागा नव्हती. 'लेफ्ट विंग. ओपन प्लेट. सी इनसाइड.' असं. "हे आमच्यात चालतं," ते म्हणाले, "वर जाणाऱ्या पत्राला तुझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी पाहिजे."

त्यांनी मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं. झाकणाची जागा, आकृती, हात कसा घालायचा, सगळं व्यवस्थित झालं. मग ते वाक्य आलं. "मी माझ्या बायकोच्या कुंकवाच्या डबीतला आरसा काढून तिच्या केसांच्या आकड्याला बांधला."

माझं पेन थांबलं. शाळेत आम्हाला औपचारिक पत्र शिकवलं होतं. त्यात डावीकडे पत्ता असे, मध्ये विषय असे, शेवटी नम्रता असे. कुंकवाची डबी कुठेच नव्हती. मला दिल्लीतलं एक मोठं टेबल दिसायला लागलं. त्याच्याभोवती मिशांचे साहेब, आणि एकजण पत्र मोठ्याने वाचून दाखवतोय, आणि सगळे हसताहेत. आबांना हसताहेत, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तिथे मीच उभी दिसत होते, ओट्यावर, लाल कानांनी.

मी लिहिलं, 'अ सुटेबल स्मॉल मिरर'. योग्य असा एक लहान आरसा. 'सुटेबल' हा शब्द मला फार आवडायचा. तो वापरला की कुठलीही गोष्ट धुऊन इस्त्री केल्यासारखी दिसते.

"जसंच्या तसं लिहिलंस?" आबांनी विचारलं.

मी मान हलवली.

"तपासलंस?"

मी पुन्हा मान हलवली. आबांनी पत्र वाचलं नाही. ते म्हणाले, "मी सांगणारा, म्हणजे करणारा. मी तपासायचं नाही." त्यांनी रजिस्टर उघडलं, 'पत्र, एक' असं लिहिलं, स्वतः सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. सही नेहमीपेक्षा बारीक आली.

पत्र गेलं. गावाला लगेच कळलं, आणि गावात बातमी पोहोचेपर्यंत ती वाढली. आठवड्यात असं ठरलं की हवाई दलाला आबांशिवाय विमान नवं करता येत नाहीये आणि त्यांना न्यायला हेलिकॉप्टर येणार आहे. ते कुठे उतरेल यावरही चर्चा झाली. नाना म्हणाले, माझ्या बागेत नको, घड लागलेत. आबा हे सगळं ऐकून फक्त "उत्तर येईल" एवढंच म्हणत. पण रोज टपालाच्या वेळेला ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसू लागले. पोस्टमन सायकलवरून यायचा, लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. आबा सदरा काढून खुंटीला लावायचे आणि केळीला पाणी द्यायला जायचे. एक सदरा त्यांनी महिनाभर वापरला.

मी ते बघत होते. माझ्या मनात रोज यायचं की सांगून टाकावं. पण सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं. आणि शिवाय, मी स्वतःला म्हणायची, आरसा तो आरसा. कुणाच्या डबीतला, याने काय फरक पडतो?

सुटी संपायला आठवडा राहिला असताना पोस्टमनने हात हलवला नाही. तो सरळ आला आणि सायकल नानांच्या जीपला टेकवून म्हणाला, "आबा, सरकारी शे." पाकीट खाकी होतं. पोस्टमन जायला तयार नव्हता. नाना आले, आणखी चार माणसं आली, अक्का पीठ लागलेल्या हातांनी दारात उभी राहिली.

"तू वाच," आबा मला म्हणाले. "मोठ्याने."

पत्र छापील नव्हतं. विमानांच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका अधिकाऱ्याने हाताने लिहिलेलं होतं. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. आपलं पत्र मिळालं. आपण दाखवलेली जागा आम्ही उघडून पाहिली. आपलं म्हणणं खरं आहे, तिथे आमचा आरसा जात नाही. आमच्याकडचा सर्वात लहान आरसाही नेऊन पाहिला, तोही वळणावर अडकतो.

"देखा!" नाना ओरडले. "मी बोल्नू ना!" ते काय बोलले होते ते कुणालाच आठवलं नाही.

"पुढे," आबा म्हणाले.

पुढे एक वाक्य होतं. मी ते मनात वाचलं आणि कान गरम झाले.

"पुढे वाच."

"ते विचारताहेत," मी म्हणाले, "आपण पत्रात लिहिलेला 'योग्य असा लहान आरसा' म्हणजे नेमका कोणता? आकार कळवा, दांडा कसा होता तेही कळवा. पुढची विमानं बंद व्हायच्या आत कळवलंत तर बरं."

आबांनी हात पुढे केला, मी पत्र दिलं. त्यांनी ते स्वतः वाचलं.

"हे सुटेबल कुठून आलं?"

मी खाली बघितलं.

"मी डबी सांगितली होती. आकडा सांगितला होता."

"मला वाटलं..." मी म्हणाले. "बरं दिसलं नसतं."

आबा रागावले असते तर सोपं झालं असतं. ते आत गेले आणि रजिस्टर घेऊन आले. माझी बारीक सही त्यांनी शोधून काढली, तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "साहेबांनीही त्या वेळी हेच केलं होतं. चीर लिहिली, आरसा गाळला." मग थोडं थांबून, "बघितल्याशिवाय सही केलीस तर चूक. चुकीचं बघून सही केलीस, ही मोठी चूक. तुझी सही बंद. मी सांगेपर्यंत."

नानांना माझी दया आली. "जाऊ द्या आबा, पोर शे," ते म्हणाले.

"नाना, तुमच्या जीपचा पाटा कुणी तपासला होता?"

नाना जीपकडे बघायला लागले.

पत्र त्याच दिवशी जायला हवं होतं. लिहिणार मीच, कारण दुसरं कुणी नव्हतं. पण तपासणार कोण? आबा सांगणारे, ते बाद. नानांना इंग्रजी येत नव्हतं आणि पोस्टमन म्हणाला की माझी ड्यूटी आहे, आणि तरीही गेला नाही. तेव्हा दारातून अक्का म्हणाली, "मी तपासस."

"तुला इंग्रजी कुठे येतं?" आबा म्हणाले.

"ती वाची दाखाडी. आपली बोलीमा."

आणि मग माझी परीक्षा झाली. तशी कुठल्याच कॉलेजात झाली नाही. अक्का समोर पाट घेऊन बसली, हात पदराला पुसून. मी इंग्रजीत एक वाक्य लिहायचं आणि ते तिला तिच्या खानदेशी बोलीत परत सांगायचं. इंग्रजीत माझी सगळी वाक्यं आत्मविश्वासाने चालायची. तिच्या बोलीत उतरवायला गेलं की निम्म्यांच्या खाली काहीच नसायचं. 'वुई विश टू रिस्पेक्टफुली सबमिट', असं मी लिहिलं होतं.

"हाई काय शे?" अक्काने विचारलं.

मी खूप विचार केला. "आम्ही सांगतस," मी म्हणाले.

"मंग तेच लिख."

ओट्यावरची माणसं माझी खानदेशी ऐकून हसत होती, पण ते हसणं मला त्या वेळी ऐकूच आलं नाही. आम्ही डबीपर्यंत पोहोचलो होतो.

"आबांनी आकडा वाकवला आणि आरसा दोऱ्याने बांधला," मी सांगितलं.

अक्काने हात वर केला. "थांब. हाई खोटं शे."

आबा दचकले. "खोटं कसं? मीच तर बांधला!"

"तुमीन दोन आकडा मोडात," अक्का म्हणाली. "गार आकडा वाकाडाले गयात, कट्‌ करीसन मोडना. दुसरा बी मोडना. तिसरा मी स्टोव्हवर तपाडा, मंग वाकाडा. आणि सरळ नही वाकाडा. तोंडजवळ एक वाक, मांगे एक वाक. आणि दोरा नुसता दोरा नव्हता, मेण लायेल व्हता. नुसता दोरा आरसावरथीन सरकस."

आबा तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिले. वीस वर्षांत ते हे विसरून गेले होते. किंवा मला वाटतं, विसरले नव्हते. त्यांनी ते कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. ते जेवत असतील आणि अक्काने ते त्यांच्या हातात ठेवलं असेल.

"दोन वाक," ते हळूच म्हणाले. "बरोबर. एका वाकाने तो आत वळलाच नसता." आणि मग, आपल्यालाच सांगितल्यासारखं, "हे मी लिहून दिलं असतं तरी चुकलंच असतं."

मी नव्याने लिहिलं. आकडा माझ्या पत्नीने गरम करून दोन ठिकाणी वाकवला. आरसा तिच्या कुंकवाच्या डबीतला होता, जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा. दोऱ्याला मेण लावलेलं होतं. माझ्या पेनाला आता कुठेच अडखळावं लागलं नाही. कुंकू या शब्दासाठी मी इंग्रजीत काहीतरी शोधत होते, मग कुंकूच लिहिलं.

"आणि एक लिख," अक्का उठता उठता म्हणाली. ती आत गेली आणि तिची आताची डबी घेऊन आली. तिने स्वतः चाकूच्या टोकाने झाकणातला आरसा काढला. डोक्यातून आकडा काढला, चुलीवर धरला, सांडशीने वाकवला. सांडशी परत भिंतीवर तिच्या सावलीवर टांगली. ते आबांनी पाहिलं. मग मेणाच्या दोऱ्याने आरसा बांधून तिने तो आबांच्या हातात दिला. "पत्रमा सांगीसन त्यासले समजाव नही. हाऊच धाडा. पण लिख, आरसा मना शे. पयला लई ग्यात तो परत नही उना. काम व्हयनं का हाऊ परत धाडा."

मी ते शब्दशः लिहिलं. 'हा आरसा माझ्या पत्नीचा आहे. आधीचा परत मिळालेला नाही. काम झाल्यावर हा परत पाठवावा, ही तिची विनंती आहे.' परत वाचून दाखवलं. अक्का म्हणाली, "विनंती नही. नुसतं लिख, धाडा." मी विनंती खोडली.

रजिस्टरमध्ये त्या दिवशी दोन नोंदी आहेत. पत्र, एक: करणारे आबा, तपासणारी अक्का. आरसा, एक: करणारी अक्का, तपासणारे आबा. अक्काने एकेक अक्षर कोरत सही केली, तोवर पोस्टमन पार्सल बांधायला सुतळी धरून उभा होता. ते गेल्यावर आबांनी काळा रंग घेतला आणि फळीवर एक नवी सावली काढली. वाटोळी, खाली दोन वाक असलेली दांडी. रिकामी.

माझी सही बंद असल्यामुळे त्या आठवड्यात घरातली तपासणी अक्काकडे गेली. तिने पहिल्याच दिवशी आबांचा पंप नापास केला. "तेल गळस," ती म्हणाली. आबांनी सांगितलं, थोडं गळायचंच. अक्का म्हणाली, "मंग मी थोडी सही करस," आणि नावाचं पहिलं अक्षर काढून पेन खाली ठेवलं. आबांनी दुपारभर बसून पंप उघडला. खरोखरच एक नट सैल होता.

मी जळगावला परत गेले. दिवाळीला आले तेव्हा नानांची जीप आमच्या दारात नेहमीसारखी उभी होती आणि अक्का तिच्या बाजूच्या आरशात वाकून कुंकू लावत होती. नाना आत स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"अक्का, चोपड्याले जाणं शे," नाना म्हणाले.

"थांबा. हालू नका, टिळा वाकडा हुई."

नवी डबी घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून झालं होतं. मीही जळगावहून येताना एक आणली होती. अक्काने झाकण उघडून त्यात पाहिलं, तोंड इकडून तिकडे फिरवलं आणि डबी मला परत दिली. "हायमा मी लांबट दिसस," ती म्हणाली. तिचा आरसा येईपर्यंत ती दुसरा घेणार नव्हती.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी खाकी पाकीट आलं. या वेळी आबांनी सदरा घातलेला नव्हता. पाच महिन्यांनी ते टपालाची वाट बघायचं सोडून केळीत होते. पोस्टमन सायकल बांधावर टाकून त्यांना शोधत गेला. आबा चिखलाच्या पायांनी आले आणि पाकीट माझ्याकडे दिलं.

आत एक छापील कागद होता, हत्यारांच्या भांडारात नवी वस्तू जमा झाल्याची पावती. वस्तूचं नाव आधी, मग प्रकार, मग आकार, मग नग, अशी त्यांची पद्धत असते. कुणीतरी टंकलेखन यंत्रावर अगदी गंभीरपणे लिहिलं होतं:

मिरर, लेडीज, राउंड, नग एक.
पिन, हेअर, बेंट, दोन वाक, नग एक.

प्रत्येकापुढे एक लांबलचक नंबर होता. आणि अगदी खाली, त्या अधिकाऱ्याच्या हस्ताक्षरात, एक ओळ. मी ती वाचून दाखवली. "आत जातो. सगळी विमानं त्यानेच तपासतो आहोत. मॅडमना कळवावे."

आबांनी कागद घेतला. त्यांनी आधी शेवटची ओळ वाचली, मग नंबर वाचला. तो नंबर ते बराच वेळ वाचत होते. ज्या आरशाला नंबर नाही म्हणून त्यांना एके काळी शिक्षा झाली होती, त्याला नंबर मिळाला होता.

"काय लिखेल शे?" अक्काने विचारलं.

"तुझा आरसा कामाला लागला."

"ते बरं व्हयनं. परत कधी येई?"

आबांनी मान खाली घातली. "आता तो सरकारी झाला. नंबर पडला. नंबर पडलेलं हत्यार बाहेर देत नाहीत."

अक्काने पावतीकडे एकदा पाहिलं. मग दारातल्या जीपकडे बघून तिने हाक मारली, "नाना, तुमना जीपना आरसाले नंबर पडेल शे का?"

"नही," नाना घाबरून म्हणाले.

"मंग राहू द्या ती तठेच."

आबांनी पावती फळीवरच्या रिकाम्या सावलीत खिळ्याने लावली. मग रजिस्टर काढलं, नोंद केली, सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी लगेच घेतलं नाही. आधी फळीपाशी गेले, पावती वाचली, नंबर एकेक आकडा करून नोंदीशी ताडून पाहिला, सावलीची दांडी दोन ठिकाणी वाकलेली आहे ना ते बघितलं. एका ठिकाणी आबांनी नंबरातला एक आकडा चुकवला होता. मी तो दाखवला.

"तोंडाने सांग," आबा म्हणाले.

"चूक आहे," मी सांगितलं. ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

आबांनी आकडा दुरुस्त केला, आणि मग मी सही केली. बाहेर नाना जीप सुरू करायचा प्रयत्न करत होते आणि अक्का जीपच्या आरशात वाकून कुंकू लावत त्यांना सांगत होती, घाई कसली, केळी कुठे पळून जाताहेत.